पांढऱ्या केसांसाठी मेंदी आणि नीळ : काय कधी भिजवावे, कधी लावावे

मेंदी आणि नीळ या दोन झाडांच्या वाळलेल्या पानांनी पांढरे केस तपकिरी किंवा काळे करता येतात. तरीही घरोघरी या कामाचा निकाल फार वेगवेगळा लागतो. कोणाचे केस नारिंगी राहतात, कोणाचे कानशिलांजवळ हिरवट दिसतात, कोणाचा काळा रंग दोन-तीन धुण्यांत उतरतो. मग पावडरच भेसळीची होती असे समजून लोक पुन्हा रासायनिक रंगाकडे वळतात. पावडर खरोखर वाईट असू शकते, पण बहुतेक वेळा चूक क्रमात आणि वेळेत झालेली असते. मेंदी लावण्यापूर्वी कित्येक तास भिजवावी लागते आणि तिला किंचित आंबट पाणी मानवते; नीळ मात्र लावण्याच्या जेमतेम १५ मिनिटे आधी साध्या कोमट पाण्यात कालवायची असते. दोन्ही एकाच भांड्यात रात्रभर भिजवल्या, तर निळीचा रंग केसांपर्यंत पोहोचण्याआधीच भांड्यात संपून जातो.

पुढे दिलेली पद्धत काळ्या रंगासाठी दोन टप्प्यांची आहे : आधी मेंदी, ती धुऊन मग नीळ. ज्यांना तपकिरी छटा हवी आहे त्यांच्यासाठी एकाच बैठकीची पद्धत शेवटाकडे दिली आहे, परंतु भिजवण्याचे नियम तिलाही तेच लागू आहेत. त्यामुळे ते टप्पे वगळू नयेत.

## १. पावडर पारखून घ्या

दुकानात ‘काळी मेंदी’, ‘बरगंडी मेंदी’, ‘नॅचरल ब्राऊन मेंदी’ अशा नावांची पाकिटे मिळतात. मेंदीच्या पानात एकच रंगद्रव्य असते, त्याला लॉसोन म्हणतात, आणि ते पांढऱ्या केसावर नारिंगी ते तांबूस छटाच देते. याचा अर्थ असा, की जी ‘मेंदी’ अर्ध्या तासात केस काळे करते, तिच्यात पानांखेरीज दुसरे काहीतरी मिसळलेले असते. बहुधा ते पॅराफेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, हे रासायनिक रंगद्रव्य असते. काही जणांना त्याची तीव्र ॲलर्जी होते : डोक्याची त्वचा सुजते, पापण्या मिटतील इतका चेहरा फुगतो, त्वचेतून पाणी सुटते. एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा ती जन्मभर राहते.

म्हणून पाकीट उलटून मागची घटकांची यादी वाचा. मेंदीच्या पाकिटावर मेंदीचे पान आणि निळीच्या पाकिटावर निळीचे पान, एवढेच घटक असावेत. त्वचेची जळजळ होऊ शकते, भुवया-पापण्यांना लावू नये, अशी सूचना छापलेली असेल, तर तो रासायनिक रंग आहे असे धरून चाला, समोर हिरव्या पानाचे चित्र कितीही मोठे असले तरी. घटक न छापलेली सुटी पावडर घेऊ नका.

राजस्थानातील पाली जिल्ह्यातल्या सोजतच्या मेंदीला भौगोलिक मानांकन आहे आणि महाराष्ट्रातल्या बाजारात ती सहज मिळते. पण नावापेक्षा कापणीचे वर्ष आणि चाळणीचा बारीकपणा जास्त महत्त्वाचा. जाड, काड्याकचरा असलेली पावडर केसांतून निघता निघत नाही आणि धुताना केस तुटतात.

तपासणी : पांढऱ्या टिश्यू पेपरवर चिमूटभर मेंदी ठेवून तिच्यावर थंड पाण्याचे चार थेंब टाका. लगेच गडद तपकिरी, जांभळी किंवा भडक हिरवी कड पसरली, तर रंग मिसळला आहे. शुद्ध मेंदी थंड पाण्यात काही मिनिटांत रंग सोडत नाही.

सावधान : कपड्यांना घालण्याची नीळ ही पूर्णपणे वेगळी वस्तू आहे. ती केसांना लावू नये. दुकानात मागताना ‘केसांना लावायची निळीच्या पानांची पावडर’ किंवा ‘इंडिगो पावडर’ असे स्पष्ट सांगावे.

## २. दोन चाचण्या, ४८ तास आधी

पहिली चाचणी त्वचेची. थोडी मेंदी आणि वेगळी थोडी नीळ पाण्यात कालवून कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या दोन ठिपक्यांत लावा, तासाभराने धुवा आणि ४८ तास वाट पाहा. खाज, पुरळ, सूज यांपैकी काहीही दिसल्यास पुढे जाऊ नका. वनस्पतीची पावडर आहे म्हणून ॲलर्जी होणारच नाही, असे नसते.

दुसरी चाचणी केसांची आहे, आणि जवळजवळ सगळे तीच टाळतात. कंगव्यात निघालेले किंवा मानेजवळून कापलेले थोडे पांढरे केस दोऱ्याने बांधून एक झुबका करा. पुढे सांगितलेली सगळी प्रक्रिया, वेळेसकट, त्या झुबक्यावर करा आणि दोन दिवसांनी तो खिडकीजवळ उजेडात पाहा. तुमच्या केसांवर मेंदी किती तास ठेवावी लागेल, निळीने कोणती छटा येईल, हे त्यावरून कळेल. ज्यांनी आधी रासायनिक रंग लावला आहे किंवा केस सरळ करून घेतले आहेत, त्यांनी ही चाचणी केल्याशिवाय डोक्याला हात लावू नये.

कोणी करू नये : टाळूवर जखम, पुळ्या किंवा संसर्ग असलेल्यांनी तो पूर्ण बरा होईपर्यंत थांबावे. जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या व्यक्तींनी मेंदी टाळावी, कारण तिच्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. तान्ह्या बाळांना आणि लहान मुलांना तर मेंदी लावूच नये. पूर्वी कोणत्याही केसरंगाने चेहरा सुजला असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे. आणि ज्यांना पुढे कधी केस ब्लीच करून हलका रंग लावायचा आहे त्यांनी निळीपासून दूरच राहावे. निळीवर ब्लीच केल्यास केस हिरवे पडू शकतात, आणि ते हिरवेपण घालवणे फार कठीण जाते.

## ३. प्रमाण ठरवा आणि दिवस आखा

फक्त वाढलेली मुळे झाकायची असतील, तर मेंदी व नीळ प्रत्येकी ५० ग्रॅम साधारण पुरतात. मानेपर्यंतच्या केसांना प्रत्येकी १०० ग्रॅम, खांद्यापर्यंत २०० ग्रॅम आणि कमरेपर्यंतच्या दाट केसांना ३०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतात. पावडर कमी पडली की माणूस थर पातळ लावतो, आणि पातळ थर लवकर सुकून रंग ठिपक्याठिपक्यांनी चढतो. ५० ग्रॅम जास्त भिजवलेले बरे.

वेळेचा अंदाज नसल्यामुळे बरेच जण निळीची वेळ कापतात, म्हणून दिवस कागदावर लिहून ठेवावा. रविवारी रंग लावायचा असेल, तर गुरुवारी दोन्ही चाचण्या, शनिवारी सकाळी केस धुणे, शनिवारी रात्री (उन्हाळ्यात रविवारी पहाटे) मेंदी भिजवणे, रविवारी सकाळी ८ वाजता मेंदी लावणे, ११ ला धुणे, १२ ला नीळ लावणे, २ ला धुणे आणि बुधवारपर्यंत शाम्पू नाही, असा क्रम धरता येईल. लग्नकार्य किंवा समारंभ असल्यास हे सगळे त्याच्या किमान चार दिवस आधी उरकावे, कारण अंतिम रंग दिसायला दोन-तीन दिवस जातात.

सामान आधीच हाताशी ठेवा : काचेचे किंवा स्टीलचे भांडे, लाकडी चमचा, रबरी हातमोजे, रंग लावायचा ब्रश, चार मोठे चिमटे, प्लॅस्टिकची टोपी, जुना गडद टॉवेल, कपाळाच्या कडेला लावायला व्हॅसलिन आणि न्हाणीघराच्या जाळीवर टाकायला एक विरळ फडका. हातमोजे निळीसाठीही हवेत; निळे झालेले नख कित्येक दिवस तसेच राहते.

## ४. केस तेलविरहित करा

आपल्याकडे मेंदीच्या आदल्या रात्री तेल चोपडण्याची सवय आहे, आणि मेंदीतच चमचाभर खोबरेल घालणारेही पुष्कळ आहेत. रंगासाठी ही सवय सोडावी लागते. तेलाचा थर केस आणि रंग यांच्यामध्ये बसतो. पांढरा केस तसाही रंग घ्यायला नाखूश असतो, आणि तेलकट असेल तर तो कोराच राहतो.

आदल्या दिवशी केस साध्या शाम्पूने दोनदा धुवा किंवा रिठ्याच्या पाण्याने धुवा, आणि कंडिशनर लावू नका. रिठ्यासाठी ८-१० रिठे बिया काढून रात्रभर पाण्यात भिजवावेत, सकाळी उकळून कुस्करून गाळून घ्यावेत आणि ते पाणी निवल्यावर वापरावे. डोळे घट्ट मिटून घ्यावेत, कारण रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की फार झोंबते.

बोअरचे पाणी जड असते, आणि त्यातील क्षार केसांवर साचत जातात. ज्यांच्या घरी नळाला, बादलीला पांढरा थर धरतो, त्यांनी शेवटचे पाणी आणि मेंदी-नीळ कालवायचे पाणी, निदान एवढे तरी, फिल्टरचे घ्यावे.

तपासणी : केस पूर्ण वाळल्यावर मुळाशी बोट चोळा. बोट चिकट लागले, तर पुन्हा धुवा.

## ५. मेंदी भिजवा

१०० ग्रॅम मेंदीला सुमारे २५० ते ३०० मिलिलिटर कोमट पाणी लागते. पाणी एकदम ओतू नका. थोडे थोडे घालत गुठळ्या मोडा आणि मिश्रण डोशाच्या पिठापेक्षा घट्ट, चमच्यावरून गोळ्याने पडेल इतके ठेवा. मुरल्यावर ते थोडे सैल होते. उकळते पाणी वापरू नये.

आंबटपणासाठी १०० ग्रॅमला दोन चमचे लिंबाचा रस किंवा तितकीच आवळ्याची पावडर पुरेशी आहे. किंचित आम्ल पाण्यात रंगद्रव्य हळूहळू सुटे होते आणि टिकाऊ छटा देते. तीन-चार लिंबे पिळण्याची पद्धत मात्र केसांना कोरडे आणि राठ करते. मेंदीने केस खरबरीत झाले, ही तक्रार पुष्कळदा लिंबाची असते. मी स्वतः आवळ्याला पसंती देते, कारण तो केसांना कमी त्रास देतो आणि मेंदीचा तांबूस भडकपणाही थोडा उतरवतो.

मेंदीत काय घालू नये, याची यादी लांब आहे, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीमागे घराघरांतली पक्की समजूत आहे. दही आणि अंडे घालू नका : लॉसोन प्रथिनांना चिकटते, म्हणूनच ते केसातील केरॅटिनला धरते, भांड्यात दुसरे प्रथिन घातले, की रंगाचा काही भाग तिथेच अडकतो. अंड्याची आणखी एक अडचण म्हणजे गरम पाण्याने धुताना ते केसांतच शिजते. बिटाचा रस पहिल्या-दुसऱ्या धुण्यातच निघून जातो. कॉफीने आणि काताने येणारी तपकिरी झाक केसाच्या वरवर बसते आणि लवकर उतरते.

लोखंडी कढईबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण मेंदी चहाच्या पाण्यात आणि तिच्यातच भिजवावी असा आग्रह सगळीकडे दिसतो. चहाच्या पाण्यातील टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळपट रंग तयार होतो आणि मेंदी सकाळी काळीभोर दिसते. पण भांड्यातील मिश्रणाचा काळेपणा आणि केसावर चढणारा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांना फक्त मेंदी लावून थोडी गडद छटा हवी आहे त्यांनी कढई वापरली तर समजू शकते. इथे काळा रंग नीळ देणार आहे, त्यामुळे कढईची गरज नाही, आणि केसांवर लोखंडाचा अंश न साचलेला बरा.

भांडे झाकून सावलीत ठेवा. किती वेळ, हे हवेवर ठरते. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्याच्या उष्म्यात तीन-चार तासांत मेंदी तयार होते. जानेवारीत पुण्या-नाशकाच्या थंडीत तिला रात्रभर, म्हणजे १० ते १२ तास लागतात. ‘मेंदी रात्रभर भिजवावी’ हा नियम उन्हाळ्यात तसाच पाळला, तर सकाळपर्यंत तिचा जोर उतरणीला लागलेला असतो.

तपासणी : मिश्रणाचा वरचा थर तपकिरी झाला असेल आणि चमच्याने बाजूला सारल्यावर आतला हिरवा दिसत असेल, तर मेंदी तयार आहे. खात्रीसाठी तळहातावर ठिपका ठेवून पाच मिनिटांनी पुसा. स्पष्ट नारिंगी डाग दिसायला हवा. डाग फिकट असेल तर थांबा. आत-बाहेर सगळेच तपकिरी झाले असेल, तर वेळ उलटून गेली आहे.

## ६. मेंदी लावा

केस कोरडे किंवा अगदी किंचित दमट असावेत. ओल्या केसांवर मेंदी पातळ होऊन ओघळते. कपाळाच्या कडेला, कानांना आणि मानेला व्हॅसलिन लावा, पण ते केसांवर जाऊ देऊ नका, नाहीतर नेमक्या पुढच्या पांढऱ्या केसांवरच रंग बसणार नाही.

मधला भांग आणि कानापासून कानापर्यंत आडवा भांग पाडून केसांचे चार भाग करा. सुरुवात जिथे पांढरे केस सर्वांत जास्त आणि चिवट असतील तिथून करा. बहुतेकांच्या बाबतीत ती जागा कानशिले आणि कपाळावरची पहिली ओळ ही असते. सवयीने लोक मागून सुरू करतात, आणि ज्या केसांना जास्त वेळ हवा असतो त्यांना सर्वांत कमी वेळ मिळतो. बोटाच्या पेराएवढ्या रुंदीच्या बटा घेत, ब्रशने मुळाच्या दोन्ही बाजूंना मेंदी भरपूर भरत जा. खालचा केस दिसू नये इतका थर हवा. मुळे झाल्यावर उरलेली मेंदी टोकांपर्यंत ओढा, केस सैल गुंडाळून डोक्यावर घ्या आणि लगेच प्लॅस्टिकची टोपी घाला.

मेंदी सुकेपर्यंत उघडी ठेवण्याची प्रथा सर्वांत नुकसानकारक आहे. ओली असेपर्यंतच मेंदी रंग देते. सुकलेली मेंदी केसावर नुसती बसून राहते आणि काढताना केस तोडते. टोपीमुळे ओल टिकते आणि डोक्याची ऊबही राहते. थंडीत टोपीवर टॉवेल गुंडाळावा आणि हे काम दुपारच्या वेळी करावे. सर्दीचा त्रास असलेल्यांनी पावसाळी, कुंद दिवस टाळावेत.

मेंदी दोन ते तीन तास ठेवा. पंचेचाळीस मिनिटांत धुतलेल्या मेंदीवर नीळ नीट धरत नाही, आणि काळा रंग लवकर उतरण्याचे हे एक मुख्य कारण आहे.

## ७. मेंदी काढून टाका

आधी बादलीत कोमट पाणी घेऊन त्यात केस बुडवून हलवा, म्हणजे मेंदीचा मोठा भाग न ओढता सुटा होईल. त्यानंतर मगाने पाणी ओतत, बोटांनी मुळे मोकळी करत, पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत धुवा. न्हाणीघराच्या जाळीवर फडका असू द्या; मेंदीचा गाळ नळीत जाऊन बसतो.

शाम्पू, शिकेकाई, कंडिशनर, तेल यांपैकी काहीही आता लावू नका. टॉवेलने पाणी टिपा. केस ओलसर असावेत, ठिबकणारे नसावेत.

तपासणी : या क्षणी पांढरे केस उजळ नारिंगी दिसायला हवेत. हे घाबरण्यासारखे नाही. निळीला लागणारा हाच पाया आहे. एखादी जागा अजून पांढरी असेल, तर तेथे तेलकटपणा राहिला होता किंवा थर कमी पडला होता. तेवढ्याच जागी उरलेली मेंदी आणखी तासभर लावा आणि मगच पुढे जा.

## ८. नीळ कालवा, मगच घड्याळ पाहा

निळीच्या पानात निळा रंग तयार स्वरूपात नसतो. त्यात इंडिकॅन नावाचे रंगहीन द्रव्य असते. पानाला पाणी लागले, की पानातल्याच एन्झाइममुळे ते फुटते आणि इंडॉक्सिल सुटे होते. हे इंडॉक्सिल हवेतील ऑक्सिजनशी जुळून निळे इंडिगोटिन बनते. इंडिगोटिन पाण्यात विरघळत नाही. म्हणजे निळा रंग भांड्यात तयार झाला, तर तो केसात शिरू शकत नाही. तो केसात शिरल्यावर तयार व्हायला हवा. निळीच्या बाबतीतली सगळी घाई या एका कारणासाठी आहे. उकळते पाणी ते एन्झाइमच निकामी करते, म्हणून पाणी फक्त कोमट घ्यावे. लिंबू, दही, व्हिनेगर, चहा यांचा एक थेंबही घालू नये.

१०० ग्रॅम निळीला चिमूटभर मीठ घालून साधारण २५० मिलिलिटर पाण्यापासून सुरुवात करा आणि मिश्रण मेंदीपेक्षा किंचित सैल करा. झाकून १० ते १५ मिनिटे ठेवा.

तपासणी : वरच्या थरावर निळसर-जांभळट झाक आणि आतून हिरवा रंग दिसला, की लगेच लावायला घ्या. इथून अर्ध्या-पाऊण तासात सगळी नीळ डोक्यावर गेली पाहिजे. केस लांब असतील, तर सगळी नीळ एकदम न कालवता दोन भागांत कालवा : पहिला भाग मुळांसाठी, आणि तो संपत येताना दुसरा भाग लांबीसाठी. घरात कोणी मदतीला असेल तर हा टप्पा त्यांच्यासाठी राखून ठेवा.

## ९. नीळ लावा आणि ओली ठेवा

क्रम मेंदीचाच : कानशिले आणि कपाळ आधी, मग भांग, मग मागची बाजू. नीळ मेंदीइतकी चिकटत नाही, वाळूसारखी सुटते, त्यामुळे प्रत्येक बट भरल्यावर हाताने दाबावी. टोपी घालून कडा चिकटपट्टीने किंवा रुमालाने बंद कराव्यात.

नीळ दीड ते दोन तास ठेवा. गडद तपकिरी पुरेसा असेल तर एक तास. कपाळावर ओघळलेले थेंब तत्काळ पुसा, आणि पांढऱ्या फरशीवर किंवा संगमरवरावर पडलेला थेंब तर लगेचच.

धुताना पुन्हा बादली-मग, आणि फक्त साधे पाणी. नीळ निघायला मेंदीपेक्षा जास्त पाणी लागते, आणि निळे-हिरवे पाणी बराच वेळ येत राहते. केस गुंतत असतील, तर शेवटी अगदी थोडे कंडिशनर लांबीला लावून बोटांनी गुंता सोडवता येईल, परंतु मुळांना ते लागू देऊ नये.

## १०. पुढचे ४८ तास

धुतल्या धुतल्या केस हिरवट, निळसर किंवा मंद काळे दिसू शकतात. हवेतील ऑक्सिजनने रंग पुढचे एक-दोन दिवस गडद होत जातो, आणि मेंदीचा नारिंगीही याच काळात खोल तपकिरी होतो. इथे घाबरून शाम्पू लावला, तर पूर्ण न बसलेली नीळ धुऊन जाते. ४८ तास केस ओले करू नका, तेल लावू नका, खूप घाम येईल असा व्यायाम टाळा. उशीवर जुना अभ्रा घाला.

तिसऱ्या दिवशी सौम्य शाम्पूने किंवा शिकेकाईने धुऊन हलके तेल लावण्यास हरकत नाही. रंगाबद्दलचे मत त्यानंतर, दिवसाच्या उजेडात बनवावे.

## तपकिरी रंगासाठी एकाच बैठकीत

मेंदी टप्पा ५ प्रमाणे आधी भिजवून तयार ठेवा, मात्र आंबट पदार्थ निम्म्यावर आणा. ती तयार झाल्यावर वेगळ्या भांड्यात नीळ टप्पा ८ प्रमाणे कालवा, १० मिनिटांनी दोन्ही एकत्र करा आणि लगेच लावा. पावडरींचे समान प्रमाण पांढऱ्या केसांवर मध्यम तपकिरी देते, मेंदीच्या दुप्पट नीळ गडद तपकिरी देते. दोन ते तीन तास ठेवावे. निम्म्याहून अधिक केस पांढरे असतील, तर मात्र मी दोन टप्प्यांचाच सल्ला देईन. एकत्र मिश्रणात कानशिलांवरचे केस बरेचदा तांबूस राहतात.

## रंग मनासारखा आला नाही तर

तिसऱ्या दिवसानंतरही केस नारिंगीच असतील, तर नीळ शिळी होती, उशिरा लावली गेली किंवा कमी वेळ राहिली. मेंदी पुन्हा लावायची गरज नाही; केस शाम्पूने धुऊन ताजी नीळ फक्त त्या जागी दीड तास लावा.

हिरवट झाक टिकून राहिली, तर मेंदीचा पाया कमी पडला आहे. निळीच्या आणखी एका थराने हे सुधारत नाही, वाढतेच. त्यावर मेंदी तासभर लावून धुवावी. पूर्वी मेंदी वगळून थेट नीळ लावणाऱ्यांना हाच अनुभव येतो, कारण नुसती नीळ पांढऱ्या केसावर नीट धरत नाही.

काळा रंग दोन-तीन धुण्यांत उतरून खालचा तांबूस दिसू लागला, तर शाम्पूची घाई आणि मेंदीचा अपुरा वेळ ही दोन कारणे आधी तपासा. नीळ काही प्रमाणात मेंदीआधी उतरतेच. दोन-तीन आठवड्यांनी येणारी तांबूस झाक हा दोष नव्हे.

केस कोरडे झाले असतील, तर लिंबू कमी करा आणि तिसऱ्या दिवसापासून रात्री थोडे खोबरेल लांबीला लावा. मात्र खाज, लाली किंवा सूज आली, तर घरगुती उपाय करत बसू नका. डोके भरपूर पाण्याने धुऊन पावडरींची पाकिटे बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे जा, म्हणजे घटक त्यांना पाहता येतील. श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर वेळ न घालवता तातडीच्या विभागात जावे.

## पुढची फेरी : फक्त मुळे

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे चार-पाच आठवड्यांनी भांगात पांढरी रेघ दिसू लागते. त्या वेळी ५०-५० ग्रॅमच्या मापाने फक्त नवीन वाढलेल्या भागावर मेंदी आणि नीळ लावावी. प्रत्येक वेळी टोकांपर्यंत लावल्यास थरावर थर चढून टोके मुळांपेक्षा जास्त काळी आणि राठ होतात. लांबीला वर्षातून तीन-चार वेळा पुरे.

भिजवलेली मेंदी उरली, तर लहान डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवता येते. ती पुन्हा वापरताना घराच्या तापमानाला येऊ द्यावी आणि तळहातावर ठिपका ठेवून जोर तपासावा. कालवलेली नीळ मात्र साठवता येत नाही, उरलेली टाकून द्यावी. कोरड्या पावडरी हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर, कोरड्या जागी ठेवाव्यात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातली दमट हवा निळीला लवकर खराब करते, तेव्हा तिथे एका फेरीला लागेल एवढेच पाकीट फोडावे आणि डब्यावर उघडल्याची तारीख लिहावी.